सल्ला: आबाजींची हेराल्ड, चिखलदऱ्याचा घाट आणि पुढचे ट्रनियन

चांदूर बाजार तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदाराचं पत्र आलं आहे. त्यातला कामाचा भाग असा:

‘आमच्या आबाजींची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड गोठ्याशेजारच्या टिनाखाली कित्येक वर्षं उभी होती. इंजिन चालू करून घेतलं, ब्रेकही झाले. आता सस्पेन्शनचं काम आहे. समोरून खडखड येते, गाडी उजवीकडे झुकली आहे आणि वळणावर मागून विचित्र वाटते. आमचे मिस्त्री म्हणतात, “मागचं सारं काढून टाका भाऊ अन् जीपचं हाऊसिंग बसवा, झंझटच नाही.” पुतण्या पुण्याला शिकतो. त्याचं म्हणणं, गाडी दोन इंच खाली घ्या, गॅसचे शॉकअप अन् सगळीकडे पॉलीबुश टाका, म्हणजे ती स्पिटफायरसारखी चालेल. मला तिच्यात आईला बसवून चिखलदऱ्याला न्यायचं आहे, जमलं तर समृद्धीवरूनही फिरवायची आहे. आंबिया बहाराचे पैसे आले की एकदाच खर्च करता येईल. आधी काय करू?’

भाऊ,

मुख्य उत्तर आधी देतो, बाकीचं निवांत वाचा. जीपचं हाऊसिंग, म्हणजे मागचा एकसंध अ‍ॅक्सल, बसवू नका. गाडी खाली घेऊ नका. आणि पुढच्या दोन्ही चाकांचे ट्रनियन (चाक वळतं ते खालचे सांधे) उघडून पाहिल्याशिवाय ती गावाच्या शिवेबाहेर नेऊ नका, मग शेजारच्या गावात लग्न असलं तरी.

पुतण्याचं एक म्हणणं अगदी खरं आहे. ट्रायंफ हेराल्ड इंग्लंडात १९५९ साली आली आणि १९६१ पासून ती मद्रासला ‘स्टँडर्ड’ नावानं तयार होऊ लागली. १९६२ ची स्पिटफायर म्हणजे हेराल्डचीच चासी आखूड करून बनवलेली स्पोर्ट्स कार. दोघींचं रूप मिकेलोत्ती या एकाच इटालियन माणसाचं. पुढचं सस्पेन्शन तर जवळजवळ एकच आहे: वर-खाली दोन विशबोन (चाकाला चासीशी जोडणारे दुबेळक्याच्या आकाराचे हात) आणि मधे कॉइल स्प्रिंग, तिच्या पोटात शॉकअप. याच घराण्याचे उभे लिंक लोटस कंपनीनं आपल्या इलान या स्पोर्ट्स कारलाही लावले होते. म्हणजे तुमच्या टिनाखाली उभ्या गाडीचं पुढचं अंग खऱ्या स्पोर्ट्स कारचं आहे आणि त्यात ‘अपग्रेड’ करण्यासारखं फार काही नाही. ते फक्त नव्यासारखं व्हायला हवं. सुधारणेला जागा आहे ती मागं.

आता ट्रनियन. चाक ज्या उभ्या पोलादी लिंकवर बसतं, तिच्या खालच्या टोकाला आटे असतात. ते आटे गनमेटलच्या एका ठोकळ्यात फिरतात. हाच ठोकळा म्हणजे ट्रनियन. तुम्ही स्टेरिंग फिरवता तेव्हा लिंक या ठोकळ्यात बोल्टसारखी वर-खाली होते आणि गाडीच्या पुढच्या भागाचा भार त्या आट्यांवर असतो. कंपनीनं सांगितलं होतं की इथे ग्रीस नाही, गिअर ऑइल घालायचं. आपल्याकडे मात्र निप्पल दिसलं की ग्रीसगन लागते, हा जुना शिरस्ता. ग्रीस आत जाऊन घट्ट होतं, वरच्या आट्यांपर्यंत पोचत नाही, आणि वरची रबरी रिंग फाटली की पावसाचं पाणी आत उतरून तिथेच बसतं. पोलाद आतल्या आत खाल्लं जातं. मग एक दिवस लिंक आट्यांपाशी तुटते आणि चाक मडगार्डखाली आडवं होतं. बहुतेक वेळा हे गाडी वळवताना, स्टेरिंग पूर्ण फिरवलेलं असताना घडतं, कारण तेव्हाच आट्यांवर जास्त ताण येतो. घाटात घडलं तर काय, ते लिहायला नको.

तुमची गाडी वर्षानुवर्षं गोठ्याच्या ओलाव्यात उभी होती, त्यामुळे हे काम टाळता येणार नाही. हेराल्डचं बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढे उलटतं, त्यामुळे सगळं उघडं समोर येतं. गाडी जॅकवर उचला, पण तेवढ्यावर आत हात घालू नका. दोन्ही बाजूंना चासीखाली घोड्या लावा. चाक वर-खाली धरून हलवा आणि दुसऱ्या माणसाला आत बघायला सांगा. खेळ दिसला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला लावा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो बेरिंगचा. राहिला तर वरचा बॉलजॉइंट, खालचे बुश किंवा खुद्द आटे. तुमची खडखड बहुधा याच तिघांपैकी कुठून तरी येत असणार.

पण खेळ नाही म्हणजे लिंक चांगली आहे, असं मानू नका. ती सोडवून ट्रनियनमधून बाहेर काढा. एका बाजूचे आटे उजवे असतात, दुसऱ्या बाजूचे डावे, म्हणून दोन्ही बाजूंचं सामान वेगळ्या डब्यांत ठेवा. आटे डिझेलनं धुवा, तारेच्या ब्रशनं साफ करा आणि उन्हात धरून बोटाच्या नखानं प्रत्येक आट्याच्या मुळाशी चाचपा. खड्डा लागला तर ती लिंक गेली. खड्डा नसेल तरी डाय पेनिट्रंटची चाचणी करा. अमरावतीच्या किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत चांगल्या वेल्डिंग शॉपमध्ये ती होते. लाल रंग मारायचा, ठरल्या वेळेनं पुसायचा आणि वरून पांढरी फवारणी करायची. तडा असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. रेघ दिसली की त्या लिंकला वेल्डिंग नाही, लेथवर नवे आटे पाडणं नाही. ती भंगारात. नव्या लिंक आणि नवे ट्रनियन स्पिटफायरसाठी आजही इंग्लंडात मिळतात. कस्टम ड्युटीसकट महाग पडतात, तरीही तुमच्या बहाराच्या पैशातला पहिला वाटा यांचाच. मागवण्याआधी तुमच्या लिंकचे फोटो आणि मापं विक्रेत्याला पाठवा, कारण वेगवेगळ्या सालांच्या सामानात बारीक फरक आहेत.

बसवल्यावर त्यात ईपी ९० गिअर ऑइल घाला. ट्रॅक्टरसाठी घरात असतंच. एक ग्रीसगन स्वच्छ धुऊन फक्त या तेलासाठी वेगळी ठेवा आणि वरच्या रिंगेपाशी तेल डोकावेपर्यंत भरा. पावसाळ्याआधी एकदा, दिवाळीत एकदा. ही गन मिस्त्रींकडे न ठेवता घरीच ठेवा, नाहीतर पुन्हा कोणीतरी ग्रीस भरेल.

मिस्त्रींच्या सूचनेबद्दल मनापासून सांगतो, ती अज्ञानातून आलेली नाही. हेराल्डचं मागचं सस्पेन्शन आपल्याकडे कधीच कोणाला आवडलं नाही. खुद्द कंपनीनंही १९७२ मध्ये गझेल आणली तेव्हा मागं सरळ एकसंध अ‍ॅक्सल दिला. पण तो पूर्ण विचार करून, त्याच्या जागा बनवून दिलेला होता. आपण जीपचं जड हाऊसिंग हेराल्डच्या चासीला वेल्ड केलं तर मागचं वजन वाढतं, चासी कापावी लागते आणि गाडी धड हेराल्ड राहत नाही, धड जीप होत नाही.

कायद्याची बाजूही आहे. जुलै २०२१ मध्ये आलेल्या केंद्रीय नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आहे. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. चासी कापली की हा दरवाजा बंद. त्याच नियमांत दुसरी मेख आहे: व्हीए नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच. तुम्हाला आईला घेऊन फिरायचं आहे, तेव्हा आबाजींच्या नावची जुनी नोंदणी जिवंत होते का आणि फिटनेस मिळतं का, हे अमरावतीच्या आरटीओत जाऊन आधी विचारा. हे काम पैसे लागण्याआधीचं आहे.

आता मागचं अंग. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण चूक होईल तर ती इथेच होईल, तीही चांगल्या हेतूनं.

डिफरन्शियलच्या डोक्यावर आडवा पाटा, म्हणजे पानांची स्प्रिंग, बसवलेला आहे आणि त्याची दोन टोकं दोन चाकांना धरतात. प्रत्येक बाजूच्या अ‍ॅक्सलला एकच क्रॉस (दुमडणारा सांधा), तोही आतल्या बाजूला. त्यामुळे चाक वर-खाली होताना कललंही जातं. जुन्या बीटलच्या मागच्या चाकांचंही असंच होतं. जोरात वळण घेताना मधेच अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडीचा मागचा भाग उचलला जातो आणि बाहेरचं चाक पोटाखाली मुडपतं, उडी मारणाऱ्या टोळाच्या पायासारखं. मग मागचा भाग बाहेर फेकला जातो. तुम्हाला जे ‘विचित्र’ वाटतं, ती याचीच सुरुवात असू शकते.

म्हणजे या गाडीत मागचा भाग जितका उंच, तितका धोका जास्त. आणि नेमकं याच्या उलट आपल्या पाटेवाल्यांचं शिक्षण झालेलं असतं. त्यांचा हात ट्रकवर, ट्रॉलीवर बसलेला. पाटा बसला म्हणून नेला की ते भट्टीत घालून त्याला चांगली कमान देतात, वर एक पान जादा टाकतात आणि म्हणतात, आता बघा कशी उचलली. ट्रॉलीला ते योग्यच. हेराल्डला ते जीवघेणं आहे. नीट बसलेल्या हेराल्डची मागची चाकं, आत दोन माणसं असताना, मागून पाहिल्यावर सरळ किंवा वरच्या बाजूला किंचित आत झुकलेली दिसली पाहिजेत. वरून बाहेर फाकलेली दिसली तर पाटा जास्त उचलला गेला आहे. हे पाटेवाल्याला तोंडी सांगून भागत नाही. पाटा नेण्याआधी जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप चारही चाकांपाशी घ्या, त्या वेळी पुढच्या दोन्ही सीटवर ७० किलोच्या आसपासचं एकेक पोतं ठेवा, आणि मापाचा कागद त्याच्या हातात द्या.

तुमची गाडी उजवीकडे, चालवणाऱ्याच्या बाजूला झुकली आहे. पाट्यावर दोष टाकण्याआधी एक गोष्ट करा. पुढच्या आडव्या चासीखाली अगदी मधोमध जॅक लावून पुढची चाकं थोडी उचला. मागून पाहा. गाडी सरळ झाली तर दोष पुढच्या कॉइल स्प्रिंगचा आहे, झुकलेलीच राहिली तर पाट्याचा. कॉइल बदलायच्या झाल्या तर जोडीनं बदला. शॉकअपचा वरचा मधला नट, कॉम्प्रेसरनं स्प्रिंग आवळल्याशिवाय, कधीही सोडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

मागं खरी सुधारणा करायची तर रस्ता कंपनीनंच दाखवलेला आहे. १९७० च्या अखेरीस आलेल्या चौथ्या स्पिटफायरमध्ये पाट्याचं फक्त सगळ्यात खालचं पान घट्ट आवळलं होतं. वरची पानं मधल्या डब्यात डोलू शकत. त्यामुळे वळणावर मागचा भाग उचलला जाण्याची खोड बरीच कमी झाली. वळणावरचं झुकणं रोखण्याची मागची कमी झालेली ताकद भरून काढायला पुढचा अँटीरोल बार (झुकणं रोखणारा आडवा दांडा) जाड केला. ही जोडी आहे, एक घेऊन दुसरं सोडायचं नाही. चासी कापावी लागत नाही, नट काढून पुन्हा मूळ पाटा बसवता येतो. मधला डबा मूळ पाट्याहून उंच असतो, म्हणून मागच्या सीटखालचं झाकण त्याला लागतं का, तेवढं पाहून घ्या. पुतण्याला स्पिटफायर हवी आहे ना, तर ती हीच.

शॉकअपबद्दल एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. या गाडीत मागचं चाक किती खाली लोंबकळायचं, हे शॉकअपची पूर्ण उघडलेली लांबी ठरवते. बाजारात ‘बसतो ना’ म्हणून दुसऱ्या गाडीचा जरा लांब शॉकअप लावला की चाक जास्त खाली येतं, जास्त मुडपतं आणि क्रॉसही अडकू लागतो. म्हणून मूळ लांबीचेच घ्या, पूर्ण उघडून आणि पूर्ण दाबून दोन्ही मापं जुन्यांशी ताडून पाहा. कडकपणा कमी-जास्त करता येणारे मिळाले तर उत्तम, पण सगळ्यात मऊ खुणेवर सुरुवात करा. सोडवतानाही भान ठेवा: शॉकअपचा बोल्ट काढण्याआधी चाकाच्या लिंकखाली जॅक असलाच पाहिजे, कारण पाट्याला आवरून धरणारा तोच आहे. मागचा हब शाफ्टवरून काढायची वेळ आली तर हातोड्यानं ठोकू नका. तो निमुळत्या शाफ्टवर प्रचंड घट्ट बसलेला असतो, त्याचा खास पुलर लागतो. नागपूरला जुन्या गाड्यांचं काम करणाऱ्यांकडे विचारा.

पॉलीबुश, म्हणजे रबराऐवजी कडक पॉलीयुरेथेनचे बुश, सगळीकडे नकोत. आपले रस्ते काळ्या मातीवर आहेत. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि डांबराच्या लाटा होतात. त्या लाटांवर कडक बुशांची गाडी दिवसभर दात वाजवते. विशबोनला चांगल्या प्रतीचे रबरी बुशच टाका. अँटीरोल बारला पॉली चालतील, सिलिकॉन ग्रीस लावून, नाहीतर कुरकुरतात. रबरी बुश टाकल्यावर एक नियम: बोल्ट आधी नुसते अडकवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन पोती सीटवर ठेवा, गाडी जरा पुढे-मागे ढकला आणि मगच शेवटचे आवळा. चाक लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. घाईत हे राहून जातं आणि नंतर माणूस बुशच्या कंपनीला दोष देतो.

गाडी खाली घेण्याबद्दल फार लिहीत नाही. तुमच्या शेतरस्त्याचा मधला उंचवटा सायलेन्सरला लागेल आणि पुढच्या विशबोनची ठेवण बिघडेल. नको.

सगळं सोडवलेलं असेल तेव्हा चासी पेचकसानं ठिकठिकाणी टोचून पाहा, विशेषतः बाजूंना गेलेले हात. खालच्या विशबोनचे ब्रॅकेट चासीला लागतात तिथे पातळ पत्र्याच्या चकत्या असतात. कुठून किती निघाल्या ते लिहून ठेवा. चाकाचा कल त्यांच्यावरच ठरतो. स्टेरिंग रॅकचे रबर तेलानं भिजून मऊ झाले असतील तर बदला.

अलाइनमेंटला शहरात धावायची गरज नाही. जवळच्या जिनिंगचं सपाट काँक्रीटचं आवार मागून घ्या. मडगार्डपासून ओळंबा सोडून चाकाचा कल मोजता येतो आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणून चाकांची दिशा. अर्धा दिवस जातो, पण या कामात तुम्ही स्वतः असाल तर पुढे गाडीला काय झालं ते तुम्हालाच आधी कळेल. टायरच्या कडेवरचा चार आकड्यांचा शिक्का पाहा, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन साल. आबाजींच्या वेळचे टायर असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, काढून टाका.

खर्चाचा क्रम सांगायचा तर आधी लिंक, ट्रनियन, बॉलजॉइंट आणि बेरिंग, मग रबरी बुश, टायर आणि मूळ लांबीचे शॉकअप. मूळ पाटा मापात करून घ्या आणि यंदा तेवढ्यावर चालवा. डोलणारा पाटा आणि जाड बार पुढच्या बहाराला. यंदाची दुरुस्ती आणि ही सुधारणा एकदम केली तर कशामुळे काय सुधारलं ते समजणार नाही, आणि खरं सांगायचं तर नीट केलेली मूळ हेराल्ड तुम्हाला इतकी आवडेल की पुढचा खर्च कदाचित लांबणीवर टाकाल.

समृद्धीवर तिला नेऊ नका. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे आणि ही गाडी नवी होती तेव्हाही जेमतेम ११० च्या आसपास जायची. मागून येणाऱ्यांसाठी तुम्ही रस्त्यात उभेच असल्यासारखे व्हाल, आणि भर उन्हात त्या काँक्रीटवर टायरचे हाल वेगळे.

चिखलदऱ्याला मात्र जरूर जा. आधी महिनाभर चांदूर बाजार, परतवाडा, अचलपूर एवढ्यातच फिरवा, शंभरेक किलोमीटर झाले की सगळे नट-बोल्ट पुन्हा तपासा. घाटात वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करा, गिअर टाका आणि वळणभर अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवा. वळणाच्या मध्यावर पाय एकदम उचलायचा नाही, ब्रेकही मारायचा नाही, समोरून एसटी आली तरी. म्हणून वेग असा ठेवा की तशी वेळच येऊ नये. उतरताना हे जास्त पाळा. आईंना पुढच्या सीटवर बसवा आणि मागं जड सामान भरू नका.

लिंक बाहेर काढल्या की दोन्हींच्या आट्यांचे उन्हातले जवळून काढलेले फोटो आणि चार मडगार्डांची मापं पाठवा. पाटेवाल्याला द्यायचा आकडा त्यावरून ठरवू. तोवर पाटा गाडीवरच राहू द्या.